कशाला? असंच!

आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायचं असलं की उंबरठ्यावर एक प्रश्न आधीच येऊन उभा असतो. ‘कशाला?’ नवऱ्याने विचारला नाही तर सासू विचारते, सासूने नाही विचारला तर शेजारीण, आणि कुणीच विचारलं नाही तर आपणच स्वतःला विचारतो! त्याची उत्तरंही ठरलेली. लग्न आहे, बारसं आहे, लेकीचं बाळंतपण आहे, मयतीला जायचंय, नवस फेडायचाय, गुडघे दाखवायचेत. यातलं एखादं कारण हाताशी असलं की बॅग भरायला मोकळ्या. पण ‘असंच, जरा फिरून येते’ म्हणून बघा. घरातला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटतो. असंच म्हणजे काय? बरी आहेस ना?

हा ‘असंच’ माझ्या तोंडात आला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि त्याचं श्रेय माझ्या मैत्रिणीचं.

आम्ही दोघींनी चंद्रपूरच्या एकाच शाळेत जवळपास तीस वर्षं शिकवलं. मी मराठी, ती भूगोल. तिच्या तासाला फळ्यावर खडूने काढलेला जिल्ह्याचा नकाशा शेजारच्या वर्गातली मुलंही डोकावून बघायची. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि पूर्वेकडचा गडचिरोली वेगळा झाला, हे सांगताना ती मधोमध वैनगंगेची निळी रेघ ओढायची. मग वर्धा नदी, दोघींची मिळून झालेली प्राणहिता, खाली गोदावरी, आणि अगदी उजव्या कडेला छत्तीसगडच्या सीमेवरून उतरणारी इंद्रावती. वर्षानुवर्षं इंद्रावती काढली तिने. पाहिली मात्र एकदाही नव्हती! शाळेच्या सहली रामटेकला गेल्या, ताडोब्याला गेल्या. वैनगंगेपलीकडे कधी गेल्या नाहीत. ‘तिकडे’ कोण जातं, असं सगळेच म्हणायचे. सरकारी नोकरांना ‘तिकडे’ बदली म्हणजे शिक्षाच वाटायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. मुलगा पुण्यात. गुणी आहे, आईची काळजी आहे त्याला. म्हणूनच त्याने ठरवलं, आईने आता पुण्यालाच यायचं. चंद्रपूरचं घर विकायचं, आणि त्याआधी दारातली जुनी पांढरी गाडी. गाडीला गिऱ्हाईक मिळालं, सोमवारी येऊन पैसे देणार होतं. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे सामान आवरू लागायला गेले, तर ही कपाटावरून काढलेला शाळेचा जुना, कडा फाटलेला नकाशा जमिनीवर पसरून बसलेली.

‘‘गाडीत टाकी भरून पेट्रोल आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारपर्यंत गाडी माझी आहे. इंद्रावती बघून येऊ?’’

‘‘कशाला?’’ मी विचारलंच. सवय!

‘‘असंच.’’

तिच्याकडे गाडी चालवायचा परवाना कितीतरी वर्षांपासून होता. पण घरची गाडी यजमान चालवायचे आणि ही शेजारी बसून काच पुसायची, पत्ता विचारायची. दोन वर्षांत बाजार, बँक, दवाखाना एवढंच काय ते तिने चालवलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा यजमानांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘‘कशाला?’’ रागाने नाही हो, खरोखरच्या कुतूहलाने. मग ‘‘कोण चालवणार?’’, ‘‘राहणार कुठे?’’, आणि शेवटी मुद्द्याचं, ‘‘आईच्या गोळ्या?’’ सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. मी गोळ्यांच्या डब्यांवर वार आणि वेळ लिहून ठेवली, कणिक मळून ठेवली. पण सासूबाईंनी आतून आवाज दिला, ‘‘जाऊ दे तिला. माझं तर राहूनच गेलं.’’ लग्नानंतर एकदाच त्या बैलगाडीने महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या होत्या. ‘‘जाताच आहात तर माझ्यासाठी मार्कंड्याचं पाणी आणा,’’ त्या म्हणाल्या.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली. ‘‘झालं! लागलं का कारण मागे?’’

शुक्रवारी सकाळी निघालो. मूलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चंद्रपूरची धूळ, कोळशाचे ट्रक, वीज केंद्राचा धूर मागे पडतो आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू होतं. दिवस पळसाचे होते. पानं झडून गेलेली आणि झाडं नुसती केशरी! मोह नुकता गळायला लागला होता. रस्त्याकडेला बायका वाकून फुलं वेचत होत्या. मोहाचं फूल रात्री गळतं, म्हणून पहाटेच जावं लागतं. उन्हं चढली की फुलं कोमेजतात, गुरं-वानरं खाऊन टाकतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडून काढतात, नाहीतर पेटवतात. तीच आग कधी कधी जंगलात पसरते, म्हणून वनखातं ‘जाळू नका’ सांगत असतं. आपण बंगल्याच्या अंगणात झाडू मारतो, तसं या बायका जंगलाच्या अंगणात मारत होत्या.

एकीजवळ गाडी थांबवली. पाटी अर्धी भरली होती. तिने आमच्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, ‘‘कोणाकडं आल्या जी?’’

‘‘कोणाकडेच नाही. जंगल बघायला.’’

‘‘बाप्पा!’’ ती म्हणाली. ‘‘जंगल का बघाचं असते?’’

तिच्यासाठी जंगल हे बघायचं नव्हतंच. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या दोनशेच्या आसपास गेली आहे, आणि ते सगळे काही ताडोब्याच्या कुंपणात राहत नाहीत. मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांतल्या शेतांच्या कडेने ते फिरतात. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सफारीच्या जिप्सीत बसून वाघ दिसावा म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो. आणि इथे वाघ दिसू नये म्हणून बायका घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत जंगलात शिरतात. तिला मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, ‘‘वाट्टे नं. पण घरी बसून कोण देते?’’

पुढचे दहा-पंधरा किलोमीटर आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

सावलीच्या पुढे चहाला थांबलो, तर टपरीच्या भिंतीवर झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर. रंगीबेरंगी, नायिकेचा फोटो सगळ्यात मोठा. दिवाळीनंतर धान निघालं की या भागात गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, होळीपर्यंत. वडसा हे त्यांचं माहेरघर. बैलांचा शंकरपट नाहीतर मंडई भरते, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. टपरीवाल्या बाईने सांगितलं, ‘‘नाटकाला कोणी काहून म्हणत नाही जी. नाटकाला जावाच लागते!’’ मैत्रीण मला म्हणाली, ‘‘बघ, झाडीपट्टीने शोधलंय कारण. आपल्याकडे एक नाटक बसवायला हवं होतं.’’

मग वैनगंगेचा पूल आला. तिने गाडी हळू केली. इथे पुलाच्या एका बाजूला दारू आणि दुसऱ्या बाजूला दारूबंदी असते! चंद्रपूरची बंदी २०१५ला आली आणि २०२१ला उठली. गडचिरोलीत ती १९९३पासून आहे. ती काही वरून आली नाही. आधी काही वर्षं गावागावांतून लोकांनी, त्यातही बायकांनी, मोर्चे काढले, ठराव केले, तेव्हा मिळाली. चोरून दारू येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ‘बंदी उठवा’ म्हटलं की आजही पहिल्यांदा बायकाच उभ्या राहतात.

गडचिरोलीला लॉजवर खोली घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने आमची ओळखपत्रं उलटसुलट पाहिली. ‘‘सोबत जेन्ट्स कोणी नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मागून येणारेत?’’

‘‘नाही रे बाळा, कोणीच येणार नाहीये.’’ मैत्रिणीने वर्गात विचारावं तसं विचारलं, ‘‘खोलीला जेन्ट्स लागतात का?’’ बिचारा लाजला. चांगली रस्त्याकडची खोली दिली.

दुपारी सामान टाकून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल आहे, हे तिने मुलांकडून पाठ करून घेतलेलं वाक्य. आता ते वाक्य काचेबाहेर उभं होतं. साग, ऐन, मोह, बांबू. मधेच धानाच्या रिकाम्या बांध्या, बांधावर लाखोळी काढून झालेली, एखादी बोडी, आणि पुन्हा झाडं.

एका फाट्यावर दोघींनी हात दाखवला. सासू आणि पोटुशी सून. शोधग्रामच्या दवाखान्यात जायचं होतं. घेतलं गाडीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं, त्यांचं हे शोधग्राम. आदिवासींना परकं वाटू नये म्हणून दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. राणीताईंनी याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम ८! म्हणजे आजार अंगावर काढत या बायका रोवणी करत होत्या, मोळ्या आणत होत्या. दवाखान्यात जायचं तर तेही घराबाहेर पडणंच ना. ‘कशाला?’ला सांगता येईल असं ते दुखणं नव्हतं. पुढे याच भागातल्या कमी शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तोही अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज देशभरातल्या आशाताई बाळांना बघायला घरोघरी जातात, त्याची एक वाट इथून निघाली आहे.

मागच्या सीटवरच्या सासूबाई बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी विचारलं, ‘‘तुमी दोघी बहिणी का जी?’’

‘‘नाही, मैत्रिणी.’’

‘‘गोईणी का!’’ त्या म्हणाल्या आणि सुनेकडे बघून समाधानाने मान डोलावली. जणू आता सगळा उलगडा झाला. गोंडीत मैत्रिणीला गोईण म्हणतात. राणीताईंनी इथल्या बायकांचं आणि झाडांचं नातं सांगणारं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही ‘गोईण’. दोन दिवसांत आम्हाला किती जणांनी विचारलं, कोणाकडे, कशाला. एवढं पूर्ण उत्तर आम्हाला स्वतःलाही सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या फोनमध्ये माझं नाव बदललंय!

त्यांना सोडून पुढे मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गोंड आदिवासींचं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देशात असा अधिकार मिळालेलं हे पहिलं गाव. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. म्हणजे एखादी बाई ‘नाही’ म्हणाली तर तिला समजावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मैत्रीण झाडाखालच्या ओट्यावर बसली होती. म्हणाली, ‘‘आमच्या घरात गाडी विकायचा निर्णय कसा झाला माहितेय? व्हॉट्सअ‍ॅपवर. मला ‘ओके’चा अंगठा टाकायचा होता, तेवढा टाकला.’’

मी काही बोलले नाही. काही वाक्यांना उत्तर नको असतं, सोबत हवी असते.

शनिवारी चामोर्शीवरून मार्कंडा. वैनगंगेच्या काठी देवळांचा अख्खा समूह, दगडावर कोरलेल्या मूर्तीच मूर्ती. याला विदर्भाची काशी म्हणतात, कारण इथे नदी उत्तरेकडे वळते. ‘‘हा वळसा मी नेहमी चुकवायचे फळ्यावर,’’ ती म्हणाली आणि वाळूत उतरून बोटाने पुन्हा नदी काढली. मी सासूबाईंची बाटली भरून घेतली.

तिथून आष्टी. या भागात वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात, चपराळ्याच्या जंगलाला लागून. आष्टीच्या बसस्थानकावर बायकांची ही गर्दी! मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. एकीने सांगितलं, आधी माहेरी वर्षातून एकदा, पोळ्याला जायची. आता मनात आलं की जाते. ‘‘घरचे काही म्हणत नाहीत?’’ ‘‘म्हणतात नं. मी म्हणतो, अर्धाच तर पैसा लागते!’’ हिशेबाला हिशेबाने उत्तर. कधी कधी स्वातंत्र्य घोषणेतून येत नाही, तिकिटावरच्या निम्म्या रकमेतून येतं.

आलापल्लीच्या वाटेवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक लागले. एकामागे एक. मैत्रिणीने स्टिअरिंग घट्ट धरलं, ओठ मिटले. ओव्हरटेक करायची वेळ आली की मी डोळे मिटायचे, तिला न दिसेल असे. आणि मग एका चढावर टायर पंक्चर! स्टेपनी होती, जॅक होता. यजमान असताना टायर बदलताना तिने शंभरदा पाहिला होता, पण तेव्हा तिचं काम टॉर्च धरायचं. आता तिने टॉर्च माझ्या हातात दिली, भर दुपारी, आणि म्हणाली, ‘‘धर. कुणीतरी धरल्याशिवाय नट निघत नाही असं वाटतं मला.’’ दोघी खूप हसलो. चौथा नट काही केल्या हलेना तेव्हा सायकलवरून जाणारा एक तरुण थांबला, पान्यावर पाय देऊन उभा राहिला आणि नट सुटला. पैसे घेईना. ‘जोहार’ म्हणून गेला.

आलापल्ली सागासाठी प्रसिद्ध. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून याच जंगलांतला साग गेला. भामरागडच्या रस्त्यावर ‘वनवैभव’ नावाचा एक छोटा तुकडा वनखात्याने वर्षानुवर्षं न तोडता ठेवला आहे. २०१४मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथले साग बघायचे तर मान पाठीला टेकते. रविवारी सकाळी तिथे गेलो तेव्हा आम्हा दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं. कुणालाही उपयोगी पडावं लागत नाही, म्हणून एवढी वाढलेली ती झाडं. मला फार बरं वाटलं त्यांच्याकडे बघून.

पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. नावं, गाव, फोन नंबर. मग कोवळ्या वयाच्या शिपायाने वही वर करून विचारलं, ‘‘कशासाठी चाललात, मावशी?’’

‘‘इंद्रावती बघायला.’’

‘‘बघायला?’’ त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं. मग हसला. ‘‘माझी आई तीन वर्षांत एकदा नाही आली इकडे. घाबरते.’’ त्याच्या आईला काय दोष द्यायचा? या रस्त्यांवर भूसुरुंग फुटले आहेत, दोन्ही बाजूंची आणि मधल्यांचीही माणसं गेली आहेत. अलीकडे चित्र बदलतंय. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. तरी आईच्या मनातली भीती शासन निर्णयाने जात नाही. ‘‘आईला फोन कर,’’ मैत्रीण त्याला म्हणाली. ‘‘सांग, दोन म्हाताऱ्या आल्या होत्या.’’

एका गावाच्या कडेला हातपंपावर पाणी प्यायला थांबलो. जवळच गावापासून जरा बाजूला एक बुटकी झोपडी, दाराशी दोन मुली बसलेल्या. ते कुरमाघर. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईने तिथे राहायचं, स्वयंपाक करायचा नाही, जेवण घरून येईल ते खायचं. पावसाळ्यात गळतं, साप-विंचवाचं भय. काही गावांत आता पक्की, पलंग आणि संडास असलेली घरं बांधली गेली आहेत. पंपावरच्या बाईला विचारलं, तुम्हाला हे आवडतं का? ती जरा विचार करून म्हणाली, ‘‘काम नसते, ते बरं वाटते. पण आपल्या मनानं गेलं तर बरं.’’

तिचं हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. मोह वेचणारी घराबाहेर पडते कारण पोट आहे. कुरमाघरातली पडते कारण रीत आहे. आम्ही शहरातल्या पडत नाही कारण ‘कशाला?’ आहे. तिघींची दुःखं सारखी नाहीत, आमचं तर त्यांच्यापुढे काहीच नाही. पण बाहेर कधी जायचं आणि आत कधी राहायचं, हे तिघींच्याही बाबतीत दुसरंच कुणी ठरवून ठेवतं. बाई घराबाहेर पडली की नाही एवढंच बघून चालत नाही. आपल्या मनानं पडली का, ते बघायचं.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात थोडा वेळ थांबलो. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३मध्ये हे काम सुरू केलं तेव्हा इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती. डॉ. प्रकाश आमट्यांबरोबर नुकतंच लग्न झालेल्या डॉ. मंदाताई आल्या, त्या भूलतज्ज्ञ. शहरात सहज प्रॅक्टिस चालली असती. इथे झाडाखाली रुग्ण तपासले, भाषा शिकल्या, मुलं वाढवली. २००८चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, हे मला फार योग्य वाटतं. घर सोडून जंगलात येण्याचं धाडस दोघांचं होतं. पण बाईच्या धाडसाला आपण बरेचदा ‘साथ’ म्हणतो.

आणि मग भामरागड. पर्लकोटा आणि पामुलगौतम या दोन नद्या इथे इंद्रावतीला मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गावाचा जगाशी संबंध तुटल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. आम्ही गेलो तेव्हा नदी शांत होती. मोठे खडक, पांढरी वाळू, संथ हिरवं पाणी आणि पलीकडे छत्तीसगडचं जंगल.

मैत्रीण बराच वेळ नुसती उभी होती. मला वाटलं रडेल. पण ती चप्पल काढून पाण्यात गेली, पोटऱ्यांपर्यंत. म्हणाली, ‘‘मी हिला नेहमी पातळ रेघ काढायचे. केवढी रुंद आहे ही!’’

मग खडकावर बसून आम्ही लॉजवाल्याने बांधून दिलेल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. जेवता जेवता तिने सांगितलं, की यजमान गेल्यापासून तिला कुणी एकटीला काही करू दिलं नव्हतं. सगळे प्रेमानेच. मुलगा तिकीट काढतो, सून डॉक्टरची वेळ घेते, भाऊ बँकेत येतो. ‘‘मी आजारी नाही गं,’’ ती म्हणाली. ‘‘मी फक्त एकटी आहे. लोकांना दोन्ही एकच वाटतं.’’

परतताना आष्टीवरून गोंडपिपरीच्या रस्त्याने आलो. संध्याकाळी चंद्रपूरला तिच्या दारात गाडी लावली. लाल धुळीने तिचा पांढरा रंग कुठे दिसतच नव्हता. तिने मुलाला फोन लावला, मी शेजारीच होते. ‘‘जूनमध्ये येते पुण्याला,’’ तिने सांगितलं. ‘‘राहायला नाही, भेटायला. आणि गाडी नाही विकत मी.’’ पलीकडून काय विचारलं गेलं ते मला ऐकू आलं नाही, पण ओळखता आलं. तिचं उत्तर एका शब्दाचं होतं.

घराचं काय करायचं ते तिचं अजून ठरलेलं नाही. कदाचित दोन-चार वर्षांनी ती पुण्याला जाईलही. पण ते ती ठरवेल.

मैत्रिणींनो, तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले. नंतर ऊन मारून टाकतं आणि पावसाळ्यात ओढे-नद्या वाट अडवतात. प्रवास उजेडातच करा, अंधारात जंगलातून गाडी नको. आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, कारण पुढे रेंज येते-जाते. स्टेपनीत हवा आहे का ते घरूनच बघा. हेमलकसा किंवा शोधग्राम आतून बघायचं असेल तर आधी विचारून जा, ती सहलीची ठिकाणं नाहीत, तिथे माणसं काम करत असतात. गावात बायकांचे, मुलांचे फोटो न विचारता काढू नका. कुरमाघराचे तर नकोच. आणि गाडी नसेल तर एसटी आहे. अर्धं तिकीट आहे.

सोबत एखादी गोईण असली तर उत्तम. आणि कुणी विचारलंच, तर कारण शोधत बसू नका. आपल्याकडे ते नसतं, म्हणून तर जायचं असतं!